विकेटची किंमत: क्रिकेटच्या गेममध्ये बॉल सोडावासा का वाटत नाही?

चौथा_स्टंप

गेल्या रविवारी दुपारी मी कन्सोलवर पाच ओव्हरची मॅच खेळत बसलो होतो. बाबा मागे सोफ्यावर पेपर वाचत होते. ते पुण्यात बावीस वर्षं क्लब क्रिकेट खेळले, बहुतेक काळ ओपनिंगला. दुसऱ्या ओव्हरला त्यांनी पेपर खाली ठेवला आणि चौथ्या ओव्हरला विचारलं, "हा एकही बॉल सोडत नाही का रे?"

मी म्हणालो, पाचच ओव्हर आहेत, सोडून कसं चालेल. ते पुढे काही बोलले नाहीत. माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न आठवडाभर जात नाहीये, म्हणून हा धागा काढतोय.

मी क्रिकेटचे गेम लहानपणापासून खेळतोय. ब्रायन लारा क्रिकेट ९९ चुलतभावाच्या कॉम्प्युटरवर. मग ईए स्पोर्ट्सचा क्रिकेट ०७, जो २००६च्या अखेरीस आला आणि आमच्या पिढीच्या कित्येक जणांच्या कॉम्प्युटरवरून अजून हललेला नाही. आमच्याकडच्या सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये होते. कोपऱ्यातल्या मशीनच्या कीबोर्डवरच्या बाणांच्या खुणा घासून पार पुसल्या होत्या, इतका तो गेम तिथे चालायचा. त्यात बॉल पडण्याआधीच पिचवर एक गोल दिसायचा: इथे टप्पा पडणार. आपण फक्त दिशा धरायची आणि वेळेवर बटण दाबायचं.

तो गोल का ठेवावा लागला असेल याचा मी बराच विचार केला. १४० किलोमीटर वेगाचा बॉल म्हणजे सेकंदाला जवळपास ३९ मीटर. पिच २२ यार्डांचं, म्हणजे २०.१२ मीटर. बॅट्समनच्या हातात अर्धा सेकंदही धड नसतो. खरा बॅट्समन हे जमवतो, कारण तो बॉल सुटायच्या आधीपासून वाचत असतो: बोलरचं मनगट, खांदा, शिवण कुठे आहे, हात किती वरून येतोय. टीव्हीच्या सपाट पडद्यावर खोली कळत नाही आणि मनगट चार पिक्सेलचं. मग गेम बनवणाऱ्यांनी वाचायचं काम आपल्याकडून काढून घेतलं आणि उत्तर पिचवर काढून दिलं. उत्तर आधीच माहीत असेल तर ऑफस्टंपच्या बाहेरचा बॉल हा धोका राहतच नाही. तो कट मारायचा बॉल होतो.

पण माझ्या मते खरी गोची त्याहून खोल आहे, आणि ती साध्या भागाकाराची आहे.

५० ओव्हरच्या मॅचमध्ये ३०० चेंडू आणि १० विकेट. एका विकेटमागे ३० चेंडू. टी-ट्वेंटीत १२. आपण घरी खेळतो त्या पाच ओव्हरच्या मॅचमध्ये ३० चेंडू आणि तरीही १०च विकेट, म्हणजे विकेटमागे ३ चेंडू. वनडेतली विकेट एकदम एक दशांश भावात. इतकी स्वस्त वस्तू कोण जपून वापरेल? बाबांनी आयुष्यभर बॉल सोडण्याची जी कला घोटली तिला या गेममध्ये गिऱ्हाईकच नाही.

आणि ओव्हर वाढवा म्हणावं तर वेळ आड येतो. टेस्टचे दिवसाला ९० ओव्हर धरले तर पाच दिवसांत २७०० चेंडू. रनअप, शॉट, थ्रो धरून एका चेंडूला अर्धं मिनिट लावलं तरी साडेबावीस तास. नोकरी करणाऱ्या माणसाला हे महिनाभर पुरेल.

तर प्रश्न असा: मैदानावरचा खेळ पडद्यावर आणताना विकेटची किंमत टिकवणारा गेम तुम्ही खेळला आहात का? क्रिकेट सोडून इतर खेळांचं काय होतं तेही सांगा.

हाफटाइम

फुटबॉलवाल्यांनी हे घड्याळाशी खेळून सोडवलंय. सहा-सहा मिनिटांचे दोन हाफ, आणि पडद्यावरचं घड्याळ ९० मिनिटं दाखवत पळतं. खेळाडूंचा दमही त्याच हिशेबाने संपतो, त्यामुळे पडद्यावरच्या ७०व्या मिनिटाला विंगर खरंच जड पावलांनी धावतो आणि बदली खेळाडू आणावा लागतो. गोल होण्याचं प्रमाणही असं जुळवलेलं असतं की बारा मिनिटांत २-१ असा ओळखीचा स्कोअर लागावा.

क्रिकेटला हे जमणार नाही, कारण क्रिकेट वेळ मोजत नाही, चेंडू मोजतं. घड्याळ पळवता येतं, चेंडू पळवता येत नाही. मारलात किंवा सोडलात तरी एक कमी झालाच. तुमचा भागाकार वाचल्यावर हे डोक्यात आलं.

लोकल_७_१२

धागा आवडला, पण थोडी वेगळी बाजू मांडते. मी रोज लोकलने कसाऱ्याहून येते. जागा मिळाली तर फोनवर वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप उघडते. (हा चेन्नईच्या नेक्स्टवेव्हने बनवलेला गेम. इतक्या साध्या फोनवर इतकं चांगलं चालणारं क्रिकेट आपल्याकडच्या लोकांनी बनवलं, याचं मला फार कौतुक आहे.) माझ्याकडे कल्याण येईपर्यंतचा वेळ असतो. त्यात मला दोन ओव्हर मनसोक्त मारायच्या असतात. दिवसभर ऑफिसात मी जपूनच वागते, बॉल सोडतच असते. मग गेममध्येही सोडायचे का?

स्टिक क्रिकेट आठवतंय ना? ब्राउझरमध्ये चालायचं, डावा बाण आणि उजवा बाण, संपलं. त्यात फुटवर्क नाही, फील्ड लावणं नाही, पळणंही नाही. तरी टायमिंग ही एक गोष्ट त्यांनी इतकी नेमकी पकडली होती की बॅटच्या मधोमध लागल्याचा आनंद तसाच्या तसा मिळायचा. सगळं क्रिकेट आणायलाच हवं असं मला वाटत नाही. एक गोष्ट खरी आणली तरी तो गेम मी प्रामाणिक मानते.

अवांतर: बिग अँट कंपनीच्या २०१७च्या ॲशेस क्रिकेटमध्ये महिलांचे संघही आले, पुरुषांच्याच बरोबरीने, खऱ्या खेळाडूंसह. मी शाळेत असताना गेममध्ये बाईच्या हातात बॅट दिसायची नाही. तेव्हा मी संघात स्वतःचं नाव टाइप करायचे आणि मैदानात उतरायचा मिशीवाला माणूस. २०१७चा गेम पहिल्यांदा लावला तेव्हा नुसती टॉसची चित्रफीत मी तीनदा पाहिली.

चौथा_स्टंप

लोकल_७_१२, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. एक गोष्ट खरी आणणं हाही मोठा हिशेब आहे, आणि स्टिक क्रिकेटने तो पाळला. माझी तक्रार अशा गेमांबद्दल आहे जे पिचचे प्रकार, हवामान, पाच स्लिप सगळं देतात आणि तरी त्या पाच स्लिपची भीती वाटू देत नाहीत.

पॅचवाला_पप्पू

क्रिकेट ०७चा विषय निघालाय आणि नावांबद्दल कुणी बोललं नाही? भारताच्या संघाचा परवाना नव्हता, म्हणून आपल्या खेळाडूंची नावं मोडून-तोडून टाकलेली होती. कव्हरवर फ्लिंटॉफ आणि पाँटिंग, ॲशेस अगदी अधिकृत, आणि आपला तेंडुलकर भलत्याच नावाने ओपनिंगला. मी तेव्हा नववीत होतो. मला ते अपमानासारखं लागलं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून एकेक नाव दुरुस्त केलं. मग कळलं की जगभर कितीतरी लोक हेच करत होते: रोस्टरच्या फाइली, जर्सी, बॅटवरचे स्टिकर, स्टेडियम, पुढे आयपीएलचे संघसुद्धा. कॅफेवाला दादा ते सगळं पेन ड्राइव्हवर ठेवायचा. ईएने त्यानंतर क्रिकेटचा गेम काढला नाही, पण लोकांनी तो एकच गेम वर्षानुवर्षं अद्ययावत ठेवला. २००६चा गेम, आणि त्यात २०१६चे संघ खेळतायत.

फुटबॉलमध्येही हेच. प्रो इव्होल्यूशन सॉकरमध्ये परवाना नव्हता तेव्हा मँचेस्टर युनायटेडचं 'मॅन रेड' झालं होतं आणि रॉबर्टो कार्लोसचा 'लार्कोस'. तरी खेळ चांगला म्हणून लोक तोच घ्यायचे. ईएच्या 'फिफा' गेमकडे नावं होती. मग २०२३मध्ये उलटं झालं, ईए आणि फिफा ही संघटना वेगळ्या झाल्या, आता गेमचं नाव ईए स्पोर्ट्स एफसी आणि आतले खेळाडू तेच.

माझा अनुभव सांगतो: नाव बरोबर असलं की मी विकेट जास्त जपायचो. द्रविड असं नाव पडद्यावर दिसत असताना पहिल्याच बॉलला पुढे सरसावून मारायला हात धजायचा नाही. किंमत नुसत्या आकड्यात नसते, चौथा स्टंप.

पावसाळी_पिच

मी कांगा लीग खेळलोय, आठ मोसम. १९४८पासून ही स्पर्धा मुंबईत भर पावसाळ्यात होते. पिच झाकलेलं नसतं, आउटफिल्डमध्ये घोट्यापर्यंत गवत, बॉल अर्ध्यात थांबतो. तिथे मारलेला बॉल सीमेपर्यंत जाईल याची खात्री नसते, आणि गुडलेंथचा बॉल छातीवर येईल की घोट्याला लागेल हे बोलरलाही माहीत नसतं. तिथल्या ३० रनांना वानखेडेवरच्या शंभराचा मान असतो.

सगळ्या गेममध्ये मी पिचचे प्रकार उघडून बघतो. हिरवं, कोरडं, भेगाळलेलं असतं. चिखलाचं एकदाही सापडलेलं नाही. आझाद मैदान तर नाहीच: एकमेकांत घुसलेली बावीस पिचेस, आपल्या फाइन लेगच्या पाठीला शेजारच्या मॅचचा पॉइंट टेकलेला, आणि "बॉल" अशी आरोळी आली की सगळ्यांनी डोकं धरून खाली बसायचं. गेम बनवणारे लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनची वीट न वीट काढतात. ज्या मैदानांवर खेळाडू घडतात ती मैदानं कुणी मोजत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मूळ प्रश्नावर: २०१४चा डॉन ब्रॅडमन क्रिकेट खेळून पाहा. मेलबर्नच्या बिग अँटचा. त्यात तो टप्प्याचा गोल नाही. बॉल हातातून सुटताना क्षणभर एक रंगाची खूण दिसते, तीवरून लेंथ ओळखायची. गेमपॅडच्या एका स्टिकने पाय हलवायचा, दुसरीने बॅट. पहिल्या दिवशी मी अकरा डावांत मिळून सात रन केले. आणि त्यातला करिअर मोड हाच तुमच्या प्रश्नाला उत्तर आहे. त्यात तुम्ही संघ नसता, एकच खेळाडू असता. आउट झालात की तुमचा डाव संपला. दुसरे दहा जण तुमच्या हातात नाहीत. पाच नंबरला येऊन दुसऱ्या बॉलला स्लिपमध्ये झेल दिला की पॅव्हेलियनमध्ये जाऊन बसा.

गल्ली_बॉय_नाही_गल्ली_काका

पावसाळी पिच, वा! पण मला वाटतं खेळ आपल्या जागेत बसवून घेणं हे आपण गेमच्या कितीतरी आधीपासून करतोय. आमच्या गिरगावातल्या वाडीत एक टप्पा आउट होता. डायरेक्ट भिंतीला लागला तर दोन. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या गॅलरीत गेला तर आउट आणि बॉल ज्याने मारला त्यानेच आणायचा. मैदानावर सहा मिळतात त्या फटक्याला आमच्याकडे विकेट जायची. का, तर बॉल एकच होता आणि काकू तो परत द्यायच्या नाहीत.

म्हणजे जागेने नियम ठरवले आणि नियमांनी कौशल्य ठरवलं. वाडीतली मुलं आयुष्यभर बॉल खाली ठेवून खेळली. चौथा स्टंप म्हणतात तो विकेटचा भाव आमच्याकडे फार चढा होता, कारण सहा मुलं एका बाजूला आणि आउट झालं की संध्याकाळ संपेपर्यंत पुन्हा बॅटिंग नाही. गेमवाल्यांनी नियम मैदानाचे ठेवले आणि जागा मात्र वाडीएवढी घेतली. घोळ तिथे झाला.

चौथा_स्टंप

काका, शेवटची दोन वाक्यं मी कुणाला तरी वाचून दाखवणार आहे.

एडिसनची_संध्याकाळ

न्यू जर्सीत राहते, मुलगा बेसबॉल खेळतो, त्यामुळे घरात एमएलबी द शो चालू असतो. तुमचा प्रश्न वाचून एकदम लक्षात आलं की बेसबॉलच्या गेममध्ये माझा मुलगा बॉल सोडतो! आणि भरपूर सोडतो. कारण नियम त्याला सोडण्याचे पैसे देतो. स्ट्राइक झोनबाहेरचे (फटक्याच्या टप्प्यातल्या ठरावीक चौकटीबाहेरचे) चार सोडले की आयता पहिल्या बेसवर. झोनमधला सोडला तर स्ट्राइक, तीन झाले की आउट. प्रत्येक बॉलला निर्णय आहे आणि दोन्ही बाजूंना किंमत आहे. समोरचा पिचर त्याला मोहात पाडायला बघतो, हा दात-ओठ खात बटणावरचं बोट आवरतो. क्रिकेटमध्ये सोडण्याची कमाई दिसत नाही. बोलर दमतो, बॉल जुना होतो, बोलर वैतागून आखूड टाकतो. ती कमाई तासाभराने मिळते, आणि पाच ओव्हरच्या गेममध्ये तो तासच नसतो.

निदान_रेषा

मी कबड्डीवाला, सांगली जिल्ह्यातला, डावा कोपरा. क्रिकेटच्या धाग्यात घुसतोय, पण तुम्ही ज्याला सोडणं म्हणता ते आमच्याकडे नियमात लिहिलेलं आहे. रिकामी चढाई. निदान रेषा ओलांडायची, कुणाला न शिवता परत यायचं. गुण नाही, पण जीवही गेला नाही. आणि सगळे हेच करत बसतील म्हणून नियम असा: सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो', गुण घेतलाच पाहिजे, नाहीतर बाद. शिवाय ३० सेकंदांचं घड्याळ. गेमला हवी ती सगळी गणितं तयार आहेत. बाद झालेला गडी संघाने गुण घेतला की परत जिवंत होतो, म्हणजे जिवाची किंमतही दर मिनिटाला बदलते. सहा किंवा जास्त बचावपटू असले तरच बोनस, तीन किंवा कमी असताना पकड केली तर सुपर टॅकल. प्रो कबड्डी २०१४पासून टीव्हीवर आहे, पण मनासारखा गेम मला अजून मिळालेला नाही.

माझ्या मते अडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे दम. 'कबड्डी कबड्डी' म्हणताना छातीत जे होतं ते बटणात कसं आणायचं? फोनच्या माइकवर खरंच म्हणायला लावावं, असं मी एका गेम बनवणाऱ्या मित्राला सुचवलंय. दुसरं म्हणजे पकड. मी चढाईवाल्याच्या घोट्याकडे बघत नाही, कमरेकडे बघतो. पाय फसवतो, कंबर फसवत नाही. तो मागे फिरायला लागला की वजन आधी कमरेतून वळतं आणि त्याच क्षणी मी उडी घेतो. हे वजनाचं वळणं ज्या दिवशी पडद्यावर दिसेल त्या दिवशी मी कन्सोल विकत घेईन. आता दिसतं ते असं की माणूस आधी वळतो आणि मग त्याचं वजन.

जुना_टोकन

वयाने मोठा आहे, थोडक्यात लिहितो. ऐंशीच्या दशकात मुंबईत व्हिडिओ पार्लरमध्ये कोनामीचा ट्रॅक अँड फील्ड खेळलो. १९८३चा गेम. शंभर मीटर, लांब उडी, भाला, अडथळे, हातोडा, उंच उडी. पळायची दोन बटणं आणि एक उडीचं-फेकीचं. जितक्या वेगाने आलटून-पालटून बडवाल तितका धावपटू पळणार. चौथ्या स्पर्धेपर्यंत मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून यायचा आणि उंच उडीला बोटं ऐकायची नाहीत. निदान रेषा, दम पडद्यावर आणता येतो. त्या गेमने तो माझ्या हातात आणला होता.

निदान_रेषा

काका, हे मित्राला पाठवतोय. आभार.

पॅचवाला_पप्पू

एक घरगुती उपाय सुचवू का? पाच ओव्हर ठेवा, पण विकेट तीनच धरा. ३० चेंडू, ३ विकेट, म्हणजे विकेटमागे १० चेंडू. जवळपास टी-ट्वेंटीचा भाव. गेममध्ये तशी सोय नसेल तर तिसरी पडली की उरलेले मुद्दाम बोल्ड होऊन डाव संपवायचा. आणि तिघं कोण ते टॉसच्या आधी ठरवायचं.

चौथा_स्टंप

दोन आठवड्यांनी लिहितोय. ब्रॅडमन १४ मिळवला आणि पप्पूचा तीन विकेटचा नियमही लावला. पहिल्या मॅचला बाबांच्या हातात गेमपॅड दिलं. त्यांनी आयुष्यात कधी गेमपॅड धरलं नव्हतं. कुठलं बोट कुठे हे समजवण्यात अर्धा तास गेला.

पहिला बॉल ऑफस्टंपच्या बाहेर. त्यांनी काहीच केलं नाही. मला वाटलं बटण सापडलं नाही. दुसराही तसाच गेला. तिसऱ्याला मी म्हणालो, बाबा, उजवी स्टिक. ते म्हणाले, "माहितीय. तू थांब." पहिली ओव्हर मेडन. पाच ओव्हरअखेर ११ रन, एक विकेट. आणि त्यांचा चेहरा असा फुललेला की आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

दुसऱ्या डावात मी पहिल्या तेरा चेंडूंत तीन विकेट घालवल्या. सात रन. माझा तिसरा गडी अगदी त्याच बॉलवर गेला जो त्यांनी सहा वेळा सोडला होता.

मग ते म्हणाले, "या कॅमेऱ्यातून बोलरचा हात नीट दिसत नाही मला. खाली घेता येतो का?" मी सेटिंगमध्ये जाऊन कॅमेरा बॅट्समनच्या पाठीमागे आणला. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची टीव्हीच्या हातभर जवळ ओढली आणि म्हणाले, आता दिसतोय, टाक.